पुलावरचा गारठा आणि मांडीवरचं कापड

वाचकाचं पत्र

ताई, मी सांगलीवाडीला राहते आणि मिरजेत एका रुग्णालयात नर्स आहे. सकाळची पाळी सातची. दिवाळीपासून गाडी बंद केली आणि सायकलने जायला लागले. एका बाजूचे ११ किलोमीटर तरी होतात, सहाला घर सोडते. पहिला महिना छान गेला. डिसेंबर लागला आणि हाल सुरू झाले. पुलावर आले की मांड्या गार पडून बधिर होतात, विश्रामबाग आलं तरी जीव येत नाही. जीन्स घातली, ती दवाने ओली होते. कुर्त्याखालची नेहमीची लेगिंग घातली तर वारं आरपार. सासूबाईंनी हौसेने लोकरीचे लांब पायमोजे विणून दिले, त्यांच्या जाळीतूनही वारं येतं. दुकानात आतून लव असलेली जाड थर्मल दाखवली, पण दुपारी तीनला परतताना त्यात जीव नकोसा होईल. शिवाय गुडघे दुखायला लागलेत. घरचे म्हणतात, बसने जा. मला सायकल सोडायची नाही. पायात नेमकं काय घालू?

उत्तर

ताई, ती लवेची थर्मल घेतली नाहीत हे फार बरं केलंत. कापड वाईट नसतं, पण ते एका जागी बसून राहणाऱ्या माणसासाठी असतं. रात्रभर खुर्चीत बसणाऱ्या वॉचमनला, पहाटे भाजीची पाटी मांडून गिऱ्हाइकाची वाट बघणाऱ्या बाईला ते लागतं. तुम्ही पाऊण तास पायडल मारणार. मांडीचे स्नायू शरीरातल्या सगळ्यांत मोठ्या स्नायूंपैकी, ते कामाला लागले की आतून शेगडी पेटल्यासारखी ऊब येते. त्यावर लवेचं कापड चढवलंत तर मार्केट यार्ड यायच्या आत घाम फुटेल, तो आतच राहील, आणि वॉर्डात उभं राहिल्यावर त्याच घामाने हुडहुडी भरेल.

हे मी अनुभवावरून लिहिते आहे. हरिपूरहून सांगलीला मी २६ वर्षं सायकलने शाळेत गेले, तीही साडीत. मागच्या चाकाला जाळी आणि साडीच्या आत सलवार. पहिल्या हिवाळ्यात मी सलवारीऐवजी लोकरीचा जाड पायजमा घातला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिंचा, धुकं, आणि मी घामाने भिजलेली. सकाळची शाळा, खिडक्या उघड्या, पहिले दोन तास ओल्या पायजम्यात उभी राहून शिकवलं. आठवड्यात कंबर धरली. पुढच्या वर्षी पायजमा पेटीत गेला आणि थंडीत पायाला नक्की कुठे काय लागतं, याचा मी नीट विचार करायला लागले.

आधी आपली थंडी ओळखू. लाट आली की सांगलीचा पारा १० ते १२ अंशांवर येतो, एरवी हिवाळाभर १४-१५ च्या आसपास असतो. आणि त्याच दिवशी दुपारी ३० ला टेकतो. एका दिवसात १५ अंशांहून जास्त फरक! त्यातही दिवसातली सगळ्यांत गार वेळ म्हणजे सूर्योदयाच्या आसपासची, आणि जानेवारीत आपल्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. तुम्ही नेमक्या त्या तासात रस्त्यावर असता. त्यामुळे सकाळचे कपडे आणि दुपारचे कपडे एकच असावेत हा हट्ट सोडायचा.

पुलावर जास्त गार का लागतं, तेही सांगते. गार हवा जड असते, रात्रभर ती पाण्यासारखी सखल जागी उतरून साचते. नदीकाठ सखल, भोवती पाणी दिलेला ऊस, म्हणून तिथे दवही जास्त. त्यात कृष्णेचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असतं, त्याची वाफ वर येऊन लगेच धुकं होतं. ज्या आयर्विनपाशी पावसाळ्यात ‘पाणी किती फुटावर?’ म्हणून अख्खी सांगली विचारत असते, तो १९२९ सालचा पूल हिवाळ्याच्या पहाटे या ओल्या गारठ्यात उभा असतो, दोन्हीकडून उघडा. आणि तुमचा तो पहिला टप्पा, शरीर अजून तापायचं असतं. सगळं एकाच ठिकाणी जुळून येतं. पुढे गावात शिरलात की इमारतींचा आडोसा मिळतो, तोवर अंगही तापतं.

आता वाऱ्याचं. झाडाचं पान हलत नसलं तरी ताशी १५ किलोमीटरने जाताना तेवढं वारं तुम्ही स्वतःच तयार करता. १० अंशांची हवा मग उघड्या त्वचेला ८ अंशांसारखी लागते. फरक ऐकायला थोडा आहे, पण तो सगळा मांडीच्या पुढच्या भागावर, गुडघ्यावर आणि नडगीवर येऊन आदळतो. मागची बाजू आडोशाला असते. उद्या मिरजेत उतरलात की हात लावून बघा: मांडी पुढून गार असेल आणि मागे कापड दमट असेल. तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. तुम्हाला पायांसाठी ऊब विकत घ्यायची नाहीये, ती तुमच्याकडे आहे. तुम्हाला फक्त पुढून वारं अडवायचंय, मागून घाम जाऊ द्यायचाय, आणि दुपारी ते सगळं काढून पिशवीत टाकता आलं पाहिजे.

जीन्स का फसली? जीन्स म्हणजे जाड सुती कापड. सुती धागा नुसत्या हवेतूनच आपल्या वजनाच्या आठेक टक्के ओलावा धरून बसतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. दव पडलं, घाम आला की जीन्स ते सगळं पिते आणि वाळता वाळत नाही. ओलं कापड त्वचेची ऊब ओढून घेतं. शिवाय तिची आसनातली जाड शिवण सीटवर रुतते. कुर्त्याखालची लेगिंगही बहुतेक ९० टक्क्यांहून जास्त सुती असते, वर विरळ विणीची.

म्हणून अंगाला लागून पॉलिस्टर किंवा नायलॉनची, घोट्यापर्यंतची, खेळाच्या दुकानात मिळते ती लेगिंग घ्या. आतली चिठ्ठी वाचा, सुती नको. दुकानातच कापड तोंडाला लावून जोरात फुंका. फुंकर सहज पलीकडे गेली तर वारंही जाणार. मग गुडघ्यावर ताणून बघा, विरळ दिसू लागलं तर ठेवून द्या. आसनात आडवी-उभी शिवण एका ठिकाणी येऊन गाठ झालेली नको, तिथे शंकरपाळ्यासारखा वेगळा तुकडा लावलेला असला तर सीटवर काही रुतत नाही. महागातलीच हवी असं नाही. सायकलसाठी म्हणून गादी लावलेल्याही मिळतात, पण ११ किलोमीटरला त्याची गरज नाही, आणि वॉर्डात दिवसभर त्या घालून वावरता येत नाही.

तिच्यावरून एक सैल ट्रॅकपँट. खरी करामत या ट्रॅकपँटमध्ये आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. घरात कुणाचं तरी जुनं, चेन बिघडलेलं विंडचीटर पडलेलं असेल. त्याचं ते पातळ, सळसळणारं कापड वारं अडवतं. ते घेऊन कापडपेठेच्या आसपास अल्टर करून देणारे शिंपी बसतात त्यांच्याकडे जा. कमरेच्या चार बोटं खालपासून निम्म्या नडगीपर्यंत, फक्त पुढच्या बाजूने, दोन्ही पायांना ते कापड लावून घ्या. मागची बाजू तशीच राहू द्या, तिथून घाम बाहेर पडतो. दोन गोष्टी शिंप्याला बजावून सांगा. विंडचीटरचं कापड ताणत नाही, म्हणून ते लेगिंगवर लावायचं नाही, सैल पँटवरच लावायचं. आणि गुडघ्यापाशी दोन्ही कडांना दोन-दोन चुण्या घेऊन थोडं कापड सोडायचं, नाहीतर पाय दुमडला की पँट वर ओढली जाते आणि गुडघा आवळतो. माप देताना उभ्या राहू नका, स्टुलावर बसून, गुडघा दुमडून द्या. घोट्यापाशी बाजूला चेन लावून घेतलीत तर बूट न काढता पँट उतरेल.

रेनकोटची पँट घातली तर चालेल का, असं तुमच्या मनात येईल. माझ्या शाळेतल्या एका सहकाऱ्याने तो प्रयोग केला होता. वारं थांबतं, पण चारी बाजूंनी बंद असल्याने आत अक्षरशः पाणी साचतं. पुलापुरती ठीक, पाऊण तासासाठी नाही.

शिंप्याकडून पँट येईपर्यंत उद्या सकाळचं काय? वर्तमानपत्राचं एक पान चार पदरी करा आणि लेगिंग व वरच्या पँटच्या मध्ये मांडीवर सरकवा. कागद वारं अडवतो. युरोपातले शर्यतीचे सायकलस्वार घाट उतरताना छातीवर वर्तमानपत्र खोचत असत, तीच युक्ती. पोहोचल्यावर कागद टाकून द्या.

सासूबाईंच्या विणकामाबद्दल तुम्ही थोड्या ओशाळून लिहिलंय असं वाटलं. त्यांचं काही चुकलेलं नाही, फक्त थर बदलायचा आहे. लोकर ही फार गुणी वस्तू. ती आपल्या वजनाच्या १६ टक्के ओलावा धरूनही गार पडत नाही. पण हातविणीच्या जाळीतून वारं जाणारच. आटपाडी, जतकडे धनगर घोंगडी पांघरून माळावर बसतात ना, तीही लोकरच. पण ती मागावर दाट विणलेली असते आणि तिला चिंचोक्याची खळ दिलेली असते, म्हणून वारं अडतं. सासूबाईंच्या विणीला ती खळ नाही, म्हणून वर विंडचीटरचा पडदा हवा. लोकर आत, पडदा बाहेर.

त्यांना एक विनंती करा. लांब पायमोज्यांऐवजी फक्त गुडघ्याच्या नळ्या विणून द्या म्हणावं. वाटीच्या चार बोटं वरून चार बोटं खालपर्यंत, दोन सुलट दोन उलट, म्हणजे ताणून बसेल आणि घसरणार नाही. हल्ली बाजारात बहुतेक ॲक्रेलिकची लोकर मिळते, तीही चालेल. लेगिंगवर या नळ्या, त्यावर ट्रॅकपँट. थंडीची लाट नसेल त्या दिवशी नळ्या घरीच ठेवा.

गुडघ्याला एवढं का जपायचं? मांडीला मांस आहे, गुडघ्यावर नुसती वाटी, शिरा आणि कातडी. त्याला स्वतःची शेगडी नाही. गारठ्यात सांध्यातलं वंगणही घट्ट होतं, हे नर्स म्हणून तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण ताई, तुमच्या गुडघेदुखीचं सगळं खापर थंडीवर फोडायला मी तयार नाही. माझा संशय सीटवर आहे.

आपल्याकडे बायका सीट फार खाली ठेवतात. दोन्ही पाय पूर्ण टेकले की धीर वाटतो, दुकानदारही तशीच बसवून देतो. पण सीट खाली असली की प्रत्येक फेरीला गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीवर दाब येतो. मिनिटाला ६० फेरे धरले तरी ४५ मिनिटांत २,७०० वेळा. तेवढंच परत येताना. आज घरी सायकल भिंतीला टेकवून वर बसा, टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. वाकडा राहिला तर सीट वर घ्या. मग चालवताना चवडा पायडलवर ठेवलात की गुडघ्याला हलका बाक राहील, तेवढाच हवा. एकदम वर नेऊ नका, दोन-तीन दिवसांनी एकेक बोट वर घेत जा. सीटच्या दांडीवर मर्यादेची खूण असते, ती बाहेर दिसता कामा नये. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायची सवय आठवड्यात होते.

सीट वर करूनही दोन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा गुडघा सुजला, तर तुमच्याच आवारात हाडांचे डॉक्टर असतील, त्यांना दाखवा. मांड्या बधिर होण्याबद्दलही एक विचारते. पुढून गार पडून बधिर होत असतील तर पडद्याने प्रश्न सुटेल. पण मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येत असतील, आणि त्या दुपारीही येत असतील, तर ती थंडी नव्हे. कमरेला घट्ट आवळणारी जीन्स किंवा लेगिंग तिथली नस दाबते. एक माप मोठं घ्या, कमरेचा पट्टा रुंद आणि मऊ बघा.

घोटा मात्र बहुतेक जण विसरतात. लेगिंग वर सरकते, मोजा खाली घसरतो आणि मधली दोन बोटं उघडी राहतात. तिथे रक्तवाहिन्या कातडीलगत असतात, तिथून पाय गार पडत जातो. मोजा लेगिंगच्या वरून चढवा. चप्पल घालत असाल तर अंगठ्याचे मोजे आहेतच, पण थंडीचे दोन महिने बंद बूट वापरा. मोज्यावर मोजा घालून बूट घट्ट झाला तर बोटं आणखी गार पडतात, त्यामुळे मोजा एकच. रात्री तेल लावत असाल तर खोबरेल २४ अंशांखाली गोठतं, ते वाटीत घेऊन कोमट करून नडगीला चोळा. कोरड्या कातडीला वारं जास्त झोंबतं. गारठ्याने अंगावर गांधी उठून खाज येत असेल तर ते तेलावर न भागवता डॉक्टरांना सांगा.

सैल ट्रॅकपँट म्हटलं की साखळीची काळजी आली. उजव्या पायाला पँट घोट्यावर दुमडून पट्टा लावा. पूर्वी पुरुषमंडळी पोलादी क्लिपा लावायची, आता चिकटपट्टीचे, प्रकाशात चमकणारे पट्टे मिळतात. दोन घ्या, दोन्ही घोट्यांना लावा. अंधारात सायकलमागचा लाल दिवा लांबून एक ठिपका दिसतो. पण वर-खाली होणारे दोन चमकते पट्टे दिसले की गाडीवाल्याला लगेच कळतं, पुढे कुणीतरी पायडल मारतंय. आता गळिताचा हंगाम आहे. वसंतदादा कारखान्याकडे, आणखी कुठल्या कुठल्या कारखान्यांकडे निघालेले दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर पहाटेच्या धुक्यात असतात, त्यांतल्या कित्येकांना मागे दिवा नसतो. तुम्ही त्यांना दिसलंच पाहिजे आणि ते तुम्हाला. काळी लेगिंग, काळी पँट आणि काळी सायकल असं करू नका. पुढचा दिवा रस्ता उजळेल इतका हवा. आणि ओढणी असेल तर तिची दोन्ही टोकं मागे बांधा, चाकाजवळ काहीही लोंबकळता कामा नये.

आता दुपार. तीनला निघताना ट्रॅकपँट आणि नळ्या गुंडाळून पिशवीत. परतीला सुती सलवार किंवा सैल सुती पायजमाच बरा. सकाळी जो सुती कपडा घाम धरतो म्हणून नको होता, तोच ३० अंशांत घाम धरून अंग गार ठेवतो. सकाळची लेगिंग दमट असेल, ती बंद पिशवीत कोंबू नका, रुग्णालयात खुंटीवर उलटी करून टांगा, तुमची पाळी संपेपर्यंत वाळते. घरी धुताना मऊपणासाठी मिळतं ते द्रव्य घालू नका, त्याने कापडाचा घाम बाहेर टाकायचा गुण जातो. सावलीत वाळवा. अशा दोन लेगिंग आलटून-पालटून पुरतात.

निघण्याआधीची पाच मिनिटं मात्र कपड्यांइतकीच कामाची आहेत. चहा होईस्तोवर घरातच जागच्या जागी पाय उचलत चाला, दहा-बारा वेळा खुर्चीवरून ऊठ-बस करा. पूल तुम्हाला पहिल्याच टप्प्यात लागतो, म्हणून मांड्या घरूनच तापवून न्यायच्या. पुलावर वेग कमी ठेवा, हलक्या गिअरला भरभर पायडल मारा. वेग कमी म्हणजे वारं कमी, पायडल जास्त म्हणजे ऊब जास्त.

महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते, तोवरचाच हा खटाटोप. फेब्रुवारी लागला की आधी नळ्या सुटतील, मग ट्रॅकपँट. पण ती टाकू नका, धुऊन नीट ठेवा, पुढच्या दिवाळीनंतर लागणारच आहे. आणि सीट वर घेतल्यावर गुडघ्यांचं काय झालं ते महिन्याभरात मला नक्की कळवा.